सीबीसी नॉर्मल होता

माझ्या आजाराची, रक्ताच्या एका दुर्मिळ कॅन्सरची, पहिली खूण पाठीवर होती, उजव्या खांद्याच्या फळीखाली, नेमका हात पोचत नाही तिथं. हिनं एकदा पाठीला मलम लावताना विचारलं, "इथं कुठं आपटलात का?" आपटल्याचं आठवत नव्हतं. पण साठी उलटलेल्या माणसाला कधी कुठं काय लागलं ते सगळं आठवतंच असं नाही. अंगठ्याच्या नखाएवढा जांभळट डाग. खाज नाही, दुखणं नाही, दाबलं तरी काही नाही.

मुका मार लागला की डागाचे रंग ठरल्याप्रमाणे बदलतात. आधी जांभळा, मग निळा, मग हिरवट, शेवटी पिवळट, आणि दोन-तीन आठवड्यांत गायब. कातडीखाली सांडलेलं हिमोग्लोबिन मोडत जातं, त्याचे ते रंग. माझा डाग जांभळाच राहिला आणि मध्यभागी हळूहळू जाड होत गेला. मी जन्मभर हिशेब तपासलेला माणूस. मुलीला म्हटलं, फोटो काढतेस तर शेजारी पट्टी धर. पुढं त्याचा फार उपयोग झाला. "वाढतोय असं वाटतं" असं मोघम सांगावं लागलं नाही, मिलिमीटरमध्ये दाखवता आलं.

आमच्या डॉक्टरांनी जे विचारायचं ते सगळं विचारलं. रक्त पातळ करणारी गोळी घेता का, हिरड्यांतून रक्त येतं का, ताप, वजन, रात्रीचा घाम. सगळ्याला नाही. त्यांनी सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी), रक्त गोठण्याच्या चाचण्या आणि लिव्हर, किडनी तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स, सगळं मर्यादेत. रिपोर्टात एक आकडासुद्धा ठळक छापलेला नव्हता. घरात सगळ्यांनी सुटकेचा नि:श्वास सोडला.

या कागदानं पुढचे काही महिने आमची वाट अडवून धरली, असं माझं मत आहे. कागद खोटा नव्हता. त्या दिवशी त्या नळीतल्या रक्तात जे मोजलं ते खरंच नॉर्मल होतं. पण ज्याच्याकडे जावं तो आधी तो कागद बघायचा आणि "रक्ताचं काही नाही" असं म्हणून तो रस्ता बंद करायचा. ऑडिटमध्ये आम्ही नेहमी विचारायचो, जुळलं म्हणजे काय काय जुळवून पाहिलं? दवाखान्यात हा प्रश्न कुणी विचारत नाही. विचारावा कसा, हे रुग्णाला तरी कुठं माहीत असतं?

दुसरा डाग छातीवर आला, तिसरा कपाळावर केसांच्या रेषेपाशी. कपाळावरचा डाग नुसता डाग नव्हता, ती गाठ होती, टणक आणि जांभळी. मग त्वचारोगतज्ज्ञ. कीटकाच्या दंशाची प्रतिक्रिया, औषधाची ॲलर्जी, त्वचेचा ल्युपस अशी नावं निघाली. प्रत्येकाचं थोडंथोडं जुळत होतं आणि पूर्ण काहीच जुळत नव्हतं. काही दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. गाठ बसली, डाग फिकट झाले, आणि सगळ्यांना वाटलं निदान बरोबर निघालं. गोळ्या कमी करत आणल्या तशी गाठ पुन्हा वर आली, आधीपेक्षा मोठी. रक्ताच्या काही कॅन्सरच्या पेशी स्टेरॉइडनं तात्पुरत्या दबतात, हे नंतर कळलं. अशा वेळी तुकडा काढला तर त्यात धड काही सापडेलच असं नाही. म्हणून कारण कळलेलं नसताना औषधानं आलेल्या आरामावर माझा आता विश्वास नाही. माझा त्या डॉक्टरांवर राग नाही, हा आजार त्यांनी त्याआधी पाहिलेला नसणार. बहुतेक त्वचारोगतज्ज्ञांना तो उभ्या आयुष्यात एकदाही भेटत नाही.

पहिली बायोप्सी छातीच्या डागाची झाली, पंच लावून. पेन्सिलीच्या जाडीचं गोल पातं फिरवून काढलेला छोटा तुकडा. रिपोर्ट आला: त्वचेच्या खालच्या थरात गर्द पेशी, लिम्फॉइड प्रकारच्या असाव्यात, नमुना अपुरा, क्लिनिकल माहितीशी ताडून पाहावं. ज्यानं ताडून पाहायचं त्यानंच तर नमुना पाठवला होता! असो. दुसऱ्या वेळी कपाळाची गाठ चांगली खोलवर, चरबीपर्यंत कापून घेतली. टाके पडले. तपासणीच्या फॉर्मवर या वेळी नव्या डॉक्टरांनी स्वतः पाच-सहा ओळी लिहिल्या: वय, किती दिवसांपासून, किती डाग, स्टेरॉइडनं दबले आणि परत आले. पहिल्या फॉर्मवर नुसतं "त्वचेवर चट्टा" एवढंच होतं. तुकडा तोच असता तरी फॉर्ममुळं रिपोर्ट वेगळा आला असता, असं मला पॅथॉलॉजिस्टनीच पुढं सांगितलं. कोणते रंग लावायचे हे ते त्या ओळी वाचून ठरवतात.

या पॅथॉलॉजिस्ट बाईंबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण निदान त्यांनी केलं आणि त्या सहसा कुणाला दिसत नाहीत. रुग्ण ज्यांना भेटतो ते डॉक्टर वेगळे आणि ज्यांच्या सहीवर त्याचं भवितव्य ठरतं ते वेगळे. मी भेटायची परवानगी मागितली. त्यांनी दोन जणांना एकाच वेळी बघता येईल अशा मायक्रोस्कोपसमोर मला बसवलं. वर कातडीची पातळ नागमोडी रेघ. तिच्याखाली एक फिकट, जवळजवळ रिकामी पट्टी. आणि त्याखाली निळ्या ठिपक्यांची अशी दाटी की मधे श्वास घ्यायला जागा नाही. "ही मधली पट्टी बघा," त्या म्हणाल्या. "या पेशी वरच्या कातडीला हात लावत नाहीत. म्हणून तुम्हाला खाज नाही, साल निघत नाही, जखम होत नाही." रंग जांभळा का, तर त्या गर्दीत तांबड्या पेशीही झिरपलेल्या दिसत होत्या. ज्या डागाकडे मी इतके महिने फोटोतून बघत होतो तो आतून असा होता.

नुसत्या आकारावरून या पेशी कोणत्या घराण्यातल्या ते कळत नाही. त्यासाठी इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री करतात. म्हणजे त्याच तुकड्याचे अगदी पातळ काप घेऊन प्रत्येकावर वेगळं प्रतिपिंड लावायचं. पेशीवर ते विशिष्ट प्रथिन असेल तर ती तपकिरी रंगते. सीडी३, सीडी२० ही अशाच प्रथिनांची नावं. सीडी३ लावलं, रंगलं नाही, म्हणजे नेहमीच्या टी-पेशी नव्हेत. सीडी२० नाही, म्हणजे बी-पेशी नव्हेत. मायलोपेरॉक्सिडेज नाही, म्हणजे नेहमीचा मायलॉइड ल्युकेमियाही नव्हे. सीडी४ आणि सीडी५६ मात्र गडद तपकिरी. इथंच थांबलं तर "एनके-पेशींचा (विषाणू आणि बिघडलेल्या पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशींचा) लिम्फोमा असू शकतो" असं लिहिलं जातं. बाईंनी पुढं जाऊन सीडी१२३, टीसीएल१ आणि टीसीएफ४ लावले. तिन्ही स्लाइड त्यांनी एकापाठोपाठ एक सरकवल्या. सगळं दृश्य तपकिरी. त्यांनी मान हलवली आणि नाव सांगितलं: ब्लास्टिक प्लाझ्मासायटॉइड डेंड्रायटिक सेल निओप्लाझम. कागदावर बीपीडीसीएन लिहितात. आम्ही घरी "बीपी" म्हणायला लागलो आणि शेजारपाजारच्यांना वाटलं, मला रक्तदाब आहे. बरंच झालं.

प्लाझ्मासायटॉइड डेंड्रायटिक पेशी प्रत्येकाच्या शरीरात असतात, फार थोड्या. विषाणू आत आला की मोठ्या प्रमाणावर इंटरफेरॉन सोडून बाकीच्या पेशींना सावध करणं हे त्यांचं काम. त्यांच्या अर्धवट वाढलेल्या पूर्वज पेशी बेसुमार वाढू लागल्या की हा आजार होतो. १९९४ साली वैद्यकीय नियतकालिकात त्याचं पहिलं वर्णन आलं. मग बरीच वर्षं तो एनके-पेशींचा म्हणून वेगवेगळ्या नावांनी ओळखला जात होता. सध्याचं नाव जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात २००८ साली आलं आणि २०१६ च्या सुधारणेत त्याला स्वतंत्र जागा मिळाली. रक्ताच्या सगळ्या कॅन्सरांत याचा वाटा एक टक्क्याहून कमी. पुरुषांत जास्त, बहुतेक साठीच्या पुढचे, पण मुलांनाही होतो.

निदान हातात घेऊन हिमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे रक्तविकारतज्ज्ञांकडे गेलो. मला वाटत होतं, माझी केस फार जगावेगळी. ते म्हणाले, "उलट, तुमची सुरुवात अगदी पुस्तकातली आहे." दहातल्या आठ-नऊ जणांत हा आजार कातडीवर दिसतो, आणि कित्येकांत सुरुवातीला फक्त कातडीवरच. रक्त महिनोन् महिने नॉर्मल राहू शकतं. फसवतात ती बाकीची रूपं. कुणाला संपूर्ण अंगावर एकच डाग असतो आणि तो जन्मखूण किंवा साधी गाठ समजून सोडून दिला जातो. कुणाच्या कातडीवर काहीच नसतं, थेट प्लेटलेट्स पडतात आणि मॅरो, म्हणजे हाडातला मगज, या पेशींनी भरलेला सापडतो. तो नेहमीचा तीव्र ल्युकेमिया म्हणून खपून जाऊ शकतो. काहींना आधीपासून मायलोडिस्प्लेशिया किंवा क्रॉनिक मायलोमोनोसायटिक ल्युकेमिया असा मॅरोचा आजार असतो आणि त्याच्या आडून हा येतो. जुना आजार बळावला असंच सगळे समजतात. कुठं लसिकाग्रंथी सुजतात, कुठं प्लीहा वाढते. आणि मेंदू-मज्जारज्जूच्या आवरणात तर हा गुपचूप जाऊन बसतो.

हे सांगता सांगता त्यांनी मला विचारलं, "ओठ, हनुवटी कुठं बधिर वाटते का?"

मी हिच्याकडे बघितलं, हिनं माझ्याकडे. काही आठवड्यांपासून दाढी करताना हनुवटीच्या डाव्या बाजूला ब्रश फिरलेला कळत नव्हता. उजवीकडे फेसाचा गारवा लागे, डावीकडे काहीच नाही. बरोबर मधोमध जणू सीमा आखलेली. खालचा ओठही अर्धा झोपलेला, दाताला भूल दिल्यावर होतो तसा. दंतवैद्यांनी जबड्याचा एक्सरे काढला होता, तोही नॉर्मल. दात चांगले होते म्हणून त्यांनी व्हिटॅमिन बी१२ च्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. पाठीचा डाग आणि बधिर हनुवटी एकाच खात्यातल्या नोंदी असतील हे कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं, यावंच का? न्यूरॉलॉजीत याला नंब चिन सिंड्रोम म्हणतात. जबड्यातून हनुवटीकडे येणाऱ्या मेंटल नावाच्या बारीक नसेवर, किंवा ती जिथून निघते तिथल्या आवरणावर, कॅन्सरच्या पेशींनी ठाण मांडलं की असं होतं. लिम्फोमा, ल्युकेमिया, स्तनाचा कॅन्सर यांत ते दिसतं, आणि कधी कधी सगळ्यांत आधी दिसतं.

पुढच्या तपासण्या भराभर झाल्या. कमरेच्या हाडातून मॅरो काढला. भूल देतात तरी आतला रस ओढताना जो झटका बसतो त्याला भूल लागत नाही. तो दोन-तीन सेकंदांचा, खोलातून येणारा, पायापर्यंत जाणारा ओढा असतो. आधी सांगून ठेवलं तर माणूस घाबरत नाही, म्हणून लिहिलं. काचेवर मॅरो स्वच्छ दिसला. फ्लो सायटोमेट्रीत, म्हणजे एकेका पेशीवरच्या खुणा मोजणाऱ्या मशीनच्या तपासणीत, मात्र थोड्या पेशी सापडल्या, सीडी१२३ आणि सीडी५६ दोन्ही असलेल्या. पुन्हा तेच: डोळ्यांनी पाहिलं ते नॉर्मल, मशीननं मोजलं ते नाही. पेट स्कॅनमध्ये कातडीचे डाग जेमतेम उजळले. पातळ डाग पेट स्कॅनमध्ये नीट दिसतीलच असं नाही, म्हणून ते अंगावर शोधावे लागतात. डॉक्टरांनी खरोखर मला नखशिखांत तपासलं, डोक्याचे केस भांग पाडल्यासारखे बाजूला करून, कानांच्या मागं, पायांच्या बोटांत. दोन नवे डाग डोक्यावर सापडले.

मग पाठीतलं पाणी, म्हणजे मेंदू-मज्जारज्जूभोवतीचा द्रव. कुशीवर झोपून गुडघे पोटाशी, हनुवटी छातीशी. सुई टोचल्याचं फार कळत नाही, दाब कळतो. पाणी नितळ आलं, पाण्यासारखंच. नळी घेऊन माणूस धावत लॅबकडे गेला, हे मी मुद्दाम पाहिलं. या पाण्यात पेशी फार लवकर मरतात. नमुना टेबलावर पडून राहिला तर रिपोर्ट खोटाच निगेटिव्ह येऊ शकतो. नेहमीच्या मायक्रोस्कोपखाली पाण्यात काही नव्हतं. फ्लोमध्ये होतं. बीपीडीसीएनमध्ये लक्षणं नसलेल्यांच्याही पाण्यात अशा पेशी सापडतात, म्हणून आता जाणकार डॉक्टर सुरुवातीलाच पाणी तपासतात. माझी हनुवटी निदान बोलत तरी होती.

उपचारांबद्दल घरात जोरदार चर्चा झाली. मुलगी रात्ररात्र वाचून यायची. पूर्वी या आजाराला तीव्र ल्युकेमियाचीच केमो देत. डाग झपाट्यानं जात आणि तसेच झपाट्यानं परत येत. निदानानंतर सरासरी वर्ष-सव्वा वर्ष, एवढाच हिशेब जुन्या शोधनिबंधांत सापडायचा. हा आकडा तिनं मला सांगितला नाही. मी स्वतः वाचला, आकडे वाचणं हाच माझा धंदा. २०१८ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या एफडीएनं (औषधांना परवानगी देणारी सरकारी संस्था) टॅग्राक्सोफस्प या औषधाला मान्यता दिली. या आजारासाठी म्हणून मान्य झालेलं ते पहिलं औषध. इंटरल्युकिन-३ या प्रथिनाला घटसर्पाच्या विषाचा छाटलेला तुकडा जोडलेला आहे. सीडी१२३ म्हणजे त्या इंटरल्युकिनच्याच कुलपाचा एक भाग. पेशी आपला नेहमीचा निरोप समजून औषध आत घेते आणि विष तिचं प्रथिनं बनवणं बंद पाडतं. ज्या खुणेनं निदान झालं तीच खूण औषधाचा दरवाजा. मला ते भयंकर आवडलं. मूळ चाचणीत आधी उपचार न झालेल्या आणि पूर्ण मात्रा मिळालेल्या २९ जणांपैकी ९० टक्क्यांत आजार मागं हटला आणि ४५ टक्के पुढं ट्रान्सप्लांटपर्यंत, म्हणजे रक्त बनवणाऱ्या मूळ पेशींच्या रोपणापर्यंत पोचले. मात्र सर्वांत मोठा धोका कॅपिलरी लीकचा. बारीक रक्तवाहिन्या गळू लागतात, रक्तातलं पाणी बाहेर, अंगावर सूज, रक्तदाब खाली. चाचणीत काहीजण त्यानं गेलेही. आणि मज्जारज्जूच्या पाण्यातल्या पेशींसाठी या औषधावर विसंबता येत नाही. तिथं मणक्यातून वेगळी केमो द्यावी लागते.

म्हणून दोन्ही सुरू झालं. आधी पाठीतून मेथोट्रेक्सेट आणि सायटाराबिन ही केमोची औषधं, पाणी फ्लोमध्ये स्वच्छ येईपर्यंत पुन्हा पुन्हा. आणि शिरेतून ते औषध. पहिला डोस द्यायच्या आधी रक्तातलं अल्ब्युमिन, म्हणजे पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवणारं प्रथिन, किमान ३.२ (ग्रॅम प्रति डेसिलिटर) असावं लागतं. माझं ३.६ होतं. दुसरा कुठलाही आकडा त्या सकाळी मला तितका महत्त्वाचा वाटला नाही. औषध गोठवलेलं येतं आणि खोलीच्या तापमानाला वितळवून वापरतात. तासभर आधी ॲलर्जीची, तापाची औषधं आणि स्टेरॉइड. प्रत्यक्ष औषध १५ मिनिटांत संपतं. असं २१ दिवसांच्या चक्रात पहिले पाच दिवस, रोज.

त्या आवर्तनाचा खरा नायक वजनकाटा होता. रोज पहाटे, त्याच कपड्यांत, त्याच काट्यावर, लघवी करून आल्यावर. सिस्टर आकडा मोठ्यानं वाचायच्या आणि दुसऱ्या सिस्टर लिहायच्या. आदल्या दिवसापेक्षा दीड किलो वाढलं की गळती सुरू झाली असं धरतात. माझं तिसऱ्या सकाळी वाढलं. त्याआधीच घोटे सुजून मोज्यांचे वळ उठले होते, अल्ब्युमिन उतरलं होतं. डोस थांबवला, शिरेतून अल्ब्युमिन दिलं, बीपीचा पट्टा हातावर कायमचाच बांधला. मी पाणी किती प्यायलो आणि लघवी किती झाली याची वही हिनं इतकी चोख ठेवली होती की डॉक्टर वॉर्डाचा तक्ता सोडून तीच मागायचे. आकडे सुधारल्यावर राहिलेले डोस पुरे केले. लिव्हरचे एन्झाइम वर गेले, प्लेटलेट्स पडल्या, मग सावरल्या. दुसऱ्या चक्रात गळती झाली नाही. ती बहुतेक पहिल्यातच होते, म्हणून पहिलं चक्र दवाखान्यात राहूनच घ्यायचं असतं.

डाग जाताना मात्र नाट्यमय काही घडलं नाही. गाठी आधी मऊ पडल्या, मग सपाट झाल्या, आणि जागेवर कॉफीच्या रंगाची फिकट खूण राहिली. ती पाहून मी खट्टू झालो होतो. पण चाचणी करणाऱ्यांनी हेही आधीच लक्षात घेतलेलं. कातडीवर खूण राहिली पण तिच्यात जिवंत आजार नसेल तर त्यालाही पूर्ण प्रतिसादच मानतात, वेगळ्या नावाखाली. तरी मी एका खुणेची बायोप्सी मागितली. डॉक्टर हसले आणि काढली. रिकामी निघाली. हनुवटीवर फेसाचा गारवा परत आला तो बराच नंतर. नसा आपल्या गतीनं जाग्या होतात.

आजार मागं हटला की तो परत यायच्या आत ट्रान्सप्लांट, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. सख्ख्या भावंडाचं एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखीच्या खुणा, पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. आम्ही भावंडं मोजकी, पण धाकट्या बहिणीचं जुळलं. "दादा, आता तरी माझं ऐकशील, माझंच रक्त असणार तुझ्यात," म्हणाली, आणि तेव्हापासून ऐकवतेच आहे. वयामुळं आधीची केमो सौम्य ठेवली. त्या बंद खोलीतल्या दिवसांबद्दल खूप जणांनी खूप लिहिलं आहे, माझं वेगळं काही नाही. तोंड आलं, ताप आला, पेशी वर चढल्या, घरी आलो.

मला विचारायला येतात त्यांना मी सांगतो ते अगदी कोरडं असतं. तुकड्याचा ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) आणि स्लाइड तुमच्यासाठी जपून ठेवलेल्या असतात. दुसरं मत घ्यायचं तर नवा तुकडा काढावा लागत नाही, ब्लॉक मागून घ्या. रिपोर्टात सीडी४ आणि सीडी५६ पॉझिटिव्ह आणि पुढं "एनके लिम्फोमा" असं लिहिलेलं असेल, तर सीडी१२३ लावलं का एवढं विचारा. पाठीतल्या पाण्याचा नमुना फ्लोला गेला का, हेही. डागांचे फोटो काढा आणि शेजारी पट्टी धरा. आणि कुठं बधिर वाटत असेल, अंधुक दिसत असेल, डोकं दुखत असेल, तर ते डागाशी जोडण्याची जबाबदारी आपली नाही, पण सांगण्याची आहे.

ट्रान्सप्लांटनंतर काही महिन्यांनी छातीवर आणि तळहातांवर लाल पुरळ उठलं. त्या आठवड्यात घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. बायोप्सी झाली, तुकडा त्याच बाईंकडे गेला. ग्राफ्ट-व्हर्सेस-होस्ट निघालं, म्हणजे बहिणीच्या पेशी माझ्या कातडीशी भांडत होत्या, आजार नव्हता. फॉर्मवर कुणी मागितलं नव्हतं तरी बाईंनी सीडी१२३ लावून पाहिलं होतं. विखुरलेल्या चार-दोन पेशी तपकिरी रंगल्या होत्या. मी घाबरून फोन केला. त्या म्हणाल्या, "त्या निरोगी आहेत, सीडी५६ नाही त्यांच्यावर. अशा थोड्या तर असायलाच हव्यात." स्टेरॉइडचं मलम दिलं आहे, दिवसातून दोन वेळा. बहिणीच्या पेशींचं भांडण आवरणाऱ्या टॅक्रोलिमस या औषधाची रक्तातली पातळी दर पंधरवड्याला बघतात.